सतरा फेब्रुवारीची स्थळभेट

सही त्याचीच होती. धम्मदीप रंगारीनं टेबलावरची झेरॉक्स उचलली, खिडकीकडे धरून पाहिली, पुन्हा खाली ठेवली. ‘रंगारी’मधल्या शेवटच्या वेलांटीची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत ओढायची त्याची सवय होती, ती शेपटीसुद्धा तिथं होती. समोरच्या खुर्चीत निमखेडीच्या बायजाबाई बसल्या होत्या. साठीच्या, सडसडीत, मांडीवर कापडी पिशवी. दोन वर्षांपासून त्या या ऑफिसात येत होत्या आणि दर वेळी त्यांच्या अर्जाची पोच घेऊन परत जात होत्या. बुटीबोरीच्या पुढे, त्यांच्या गावाला लागून, भंगार लोखंड वितळवणारा एक कारखाना होता आणि त्याच्या धुराबद्दल त्यांची तक्रार होती. कारखान्यांच्या चिमण्या तपासणारं ऑफिस ते हेच. धम्मदीप त्यात चोवीस वर्षं क्षेत्र अधिकारी होता; म्हणजे कारखान्यात जायचं, पाहायचं, लिहायचं आणि सही करायची. “साहेब, हे सही तुमचीच हाय ना?” बायजाबाईंनी विचारलं. माहितीच्या अधिकारात त्यांनी जुने सगळे स्थळभेट अहवाल काढले होते. “माझीच आहे,” तो म्हणाला. “मंग मले येवढंच सांगा, तुमी आल्ते काय त्या दिवशी? काहून का आमी समद्या बाया सकायपासून स्लॅबवर कुरडया टाकून राहिलो होतो. तुमची पांढरी गाडी आली असती तं दिसली असती.” त्यानं तारीख वाचली. सतरा फेब्रुवारी, दोन वर्षांपूर्वीची. वेळ सकाळी अकरा ते साडेबारा. ‘भट्टी सुरू होती. धूळ पकडणारी यंत्रणा कार्यरत आढळली. चिमणीतून दृश्य धूर आढळला नाही.’ त्यानं तारीख पुन्हा वाचली. अकरा ते साडेबारा या वेळात तो नारा घाटावर सिमेंटच्या बाकावर बसलेला होता आणि समोर त्याच्या बायकोची, शामलाची, चिता पेटलेली होती.

त्याला काही वाटलं नाही. म्हणजे काहीतरी वाटायला हवं होतं हे त्याला कळलं, जसं दाताच्या डॉक्टरकडे सुई दिल्यावर गाल आपलाच आहे हे बोटाला कळतं आणि गालाला कळत नाही. तो बायजाबाईंच्या पिशवीच्या बंदाकडे पाहत राहिला. एक बंद निळा होता, दुसरा तुटल्यामुळे त्या जागी नाडी शिवली होती. “पाहून सांगतो,” तो म्हणाला. हे वाक्य तो रोज म्हणत असे. बायजाबाई उठल्या. “सुनावणी लागली हाय म्हंतात सोमवारची. मुंबईच्या मॅडम येऊन राहिल्या. तवा सांगा मंग, पाहून.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं पडलं असतं. रागावलेल्या माणसाला कसं शांत करायचं हे त्याला येत होतं.

त्या दिवशी घरी जाताना जरीपटक्याच्या बाजारात तो नेहमीसारखा अडकला. ई-रिक्षा, हातगाड्या, चादरीवाल्यांच्या रंगीत थप्प्या, कुणीतरी मागून सारखा हॉर्न वाजवत होतं. त्यानं गाडी बंद केली आणि सहीचा विचार केला. सही कधी केली हे त्याला नीट आठवत होतं. शामलाचा तेव्हा दवाखान्यातला पाचवा आठवडा होता. किडन्या गेल्या होत्या, एक दिवसाआड डायलिसिस, मग रोज. त्याच्या सगळ्या रजा संपल्या होत्या. एका दुपारी त्याचा साहेब, मधुसूदन देवपुजारी, दवाखान्याच्या कँटीनमध्ये आला. हातात घरचा डबा आणि काखेत फाइल. “हे बघ धम्मदीप,” तो म्हणाला होता, “तू वहिनींजवळ बस. कागदाचं मी पाहतो. यांच्यावर फक्त सह्या करून ठेव, म्हणजे तुझी हजेरी लागत राहील.” कोरे फॉर्म होते, आठ की नऊ. टेबल ओलं होतं म्हणून मधुसूदननं आधी ते आपल्या रुमालानं पुसलं. धम्मदीपनं सह्या केल्या. त्या वेळी त्याला इतकं हलकं वाटलं होतं की त्यानं डबा तिथंच उघडून सगळा खाल्ला. वालाच्या शेंगांची भाजी होती. पुढचे आठ दिवस तो शामलाजवळून हलला नाही. तिच्या पायांना सूज होती, ती दाबली की बोटाचा खड्डा बराच वेळ तसाच राहायचा. तो दाबायचा आणि खड्डा भरून येईपर्यंत पाहत बसायचा. हे सगळं त्याला मधुसूदननं दिलं होतं. एरवी त्या आठ दिवसांत तो कुठल्या ना कुठल्या चिमणीखाली उभा असता. आणि त्या कोऱ्या फॉर्मांवर पुढे काय लिहिलं गेलं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. विसरला नव्हता, विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी मधुसूदन स्वतः घरी आला. इतक्या वर्षांत तो दोनदाच आला होता, दुसऱ्यांदा शामला गेली तेव्हा. सोफ्याच्या कडेवर बसला, चहा नको म्हणाला, मग घेतला. त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. “मी तुला काही सांगायला नाही आलो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “तारीख चुकली म्हणून सांगून दे. कारकुनी चूक. भेट सोळाला झाली, लिहिताना सतरा पडलं. एक दिवस इकडेतिकडे. मॅडमही ऐकून घेतील, त्यांनाही फाइल बंदच करायची आहे. सतराचं काढलं ना कुणी, तर ते फार वाईट दिसेल, धम्मदीप. तुझ्यासाठीही. लोक म्हणतील, बायको जळून राहिली होती आणि हा सह्या विकत होता.” “मी विकल्या नाही,” धम्मदीप म्हणाला. “मला माहीत नाही का? मला माहीत आहे रे.” मधुसूदननं कप खाली ठेवला. “मीही तिथं गेलो नव्हतो. आधीच्या अहवालावरून उतरवून काढलं कुणीतरी. एवढे कारखाने, माणसं आपण पाच. सगळीकडे असंच चालून राहिलं आहे.” त्यानं कारखान्याकडून काही घेतलं होतं का, हा प्रश्न धम्मदीपच्या तोंडापर्यंत आला आणि तिथंच विरला. उत्तर काहीही आलं असतं तरी तो डबा त्यानं खाल्लेला होताच.

मधुसूदन गेल्यावर तो बराच वेळ सोळा या आकड्याजवळ बसून राहिला. सोपं होतं. एक शब्द. सतराऐवजी सोळा म्हणायचं, मान खाली घालायची, ठपका येईल, एखादी वेतनवाढ थांबेल, मधुसूदन पेन्शनीत जाईल, कारखाना चालवायचं संमतीपत्र पुढची पाच वर्षं चालू राहील. त्यानं मनात म्हणून पाहिलं, ‘सोळा तारखेला मी निमखेडीला गेलो.’ म्हणताना त्याला ते फाटक दिसलं, गेटवरचा रजिस्टर पुढे करणारा पहारेकरी, भट्टीची धग, पायाखाली चुरचुरणारी काळी रेती. आणि त्याच दिवशी चार वाजता शामला गेली होती. त्या दिवसात आणखी काही बसत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता, सकाळी लवकर गेलो, नऊला गेलो, दहाला परत आलो, आणि दर वेळी दिवस भरलेल्या पेटीसारखा झाकण लागू देत नव्हता. यात खरं बोलण्याचा वगैरे काही भाग नव्हता. इतक्या वर्षांत त्यानं पुष्कळ खोटं लिहिलं होतं. ‘किंचित धूर’, ‘समाधानकारक’, ‘सुधारणा प्रगतिपथावर’. तो दिवस मात्र त्याला कुणाला देता येईना, एवढंच.

सोमवारी सुनावणी ऑफिसच्या वरच्या मजल्यावर झाली. लांब टेबल, पाण्याच्या छोट्या बाटल्या, एसीचा आवाज. मुंबईच्या मॅडम मध्ये, त्यांच्या डाव्या हाताला मधुसूदन, पलीकडे कारखान्याचा मॅनेजर आणि त्याचा वकील. बायजाबाईंसोबत त्यांच्या बचत गटाच्या चार बाया आल्या होत्या आणि त्या भिंतीजवळच्या खुर्च्यांवर पदर आवरून बसल्या होत्या. वकील बराच वेळ बोलला. अडीच वर्षांत नऊ तपासण्या झाल्या, नऊही समाधानकारक, तक्रार ऐकीव आहे, मोजमाप नाही. मोजमाप हा शब्द त्यानं तीनदा वापरला. मग मॅडम म्हणाल्या, “बाई, तुमच्याकडे काही आहे का दाखवायला?” बायजाबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून कापडाच्या घड्या काढायला सुरुवात केली. जुन्या धोतराचे टॉवेलएवढे तुकडे होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बॉलपेननं तारीख लिहिलेली. “आमचा गट शेवया-कुरडयांचा हाय, मॅडम. नागपूरच्या दुकानात माल जाते. तं दुकानदार म्हने, तुमच्या कुरडयीत रेती लागते. मंग मी जानेवारीपासून रोज सकायी एक फडकं ओलं करून तारेवर टाकलं. सांजच्याले काढलं. कुरडयांचा हंगाम सरेपर्यंत. दोन वर्षं. हेच माह्यं मोजमाप.” मॅनेजर हसला, मोठ्यानं नाही. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः चष्मा लावून तुकडे चाळले. काही करडे होते, काही जवळजवळ पांढरे, काही काळे, आणि काळ्यांवर हात फिरवला की बोटाला चमकणारी बारीक पूड लागत होती. सतरा फेब्रुवारीचा तुकडा काळा होता.

“रंगारी,” मॅडम म्हणाल्या, “या तारखेला तुम्ही दृश्य धूर नाही असं लिहिलंय. भेट दिली होती?” एसीचा आवाज चालू होता. मधुसूदन समोरच्या बाटलीचं झाकण फिरवत होता, उघडत नव्हता, नुसतं फिरवत होता. धम्मदीपनं त्या हाताकडे पाहिलं; त्याच हातानं टेबल पुसलं होतं. त्याला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. “नाही,” तो म्हणाला, “मी गेलो नव्हतो. सही कोऱ्या फॉर्मवर केली होती. त्या दिवशी मी घाटावर होतो. माझी मिसेस आदल्या दिवशी वारली होती.” भिंतीजवळच्या बायांपैकी एकीनं ‘अवं माय’ म्हटलेलं त्याला ऐकू आलं. “आणखी किती फॉर्म?” मॅडमनी विचारलं. “आठ किंवा नऊ.” “भरले कुणी?” “ते मला माहीत नाही,” तो म्हणाला, आणि हे खरंच होतं, पण त्याच क्षणी मधुसूदन बोलला, हळू, कुणी वेळ विचारावी आणि सांगावी तसं, “सह्या मी घेतल्या होत्या. जबाबदारी माझी.” झाकण शेवटी त्याच्या हातात निघून आलं.

मॅडमनी दुपारीच गाड्या काढायला लावल्या. चंद्रपूरहून दोन माणसं यंत्रं घेऊन आली होती, आधीच बोलावलेली असावीत. रंगारींनी जागा दाखवायची, सही करायची नाही, असा हुकूम होता. कारखान्याला कळवलेलं नव्हतं आणि मॅनेजरचा फोन मॅडमनी सुनावणीतच टेबलावर ठेवून घेतला होता. गेटवर पहारेकऱ्यानं नेहमीच्या ओळखीनं सलाम केला. धूळ पकडणाऱ्या यंत्रणेचा पंखा बंद होता. वीज वाचते म्हणून, कामगार म्हणाला, तो बिहारचा होता आणि यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला माहीत नव्हतं. चिमणीला बाहेरून लोखंडी शिडी होती आणि नमुना घेण्याचं भोक निम्म्या उंचीवर. चंद्रपूरच्या पोराला शिडीची भीती वाटत होती, म्हणून धम्मदीप पुढे चढला. सात-आठ वर्षांत तो अशा शिडीवर चढला नव्हता. खालून पाहून लिहीत असे. वर कठड्याला हात लावला तेव्हा लोखंड तापलेलं होतं. भोकाचं झाकण उघडलं आणि आतली हवा बाहेर आली, जाड, गंजासारख्या चवीची, आणि त्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. खोकताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खाली निमखेडी दिसत होती. पन्नास-साठ घरं, शाळेचं पत्र्याचं छत, एका स्लॅबवर रांगेत ठेवलेली काहीतरी पांढरी वर्तुळं. इतकं जवळ होतं गाव. नकाशावर त्यानं कितीदा ते अंतर मीटरमध्ये लिहिलं होतं. फिल्टरचा कागद बाहेर काढला तेव्हा तो काळा झाला होता. प्रयोगशाळेतून आकडा आला तो परवानगीच्या पावणेतीनपट होता.

पुढचं सगळं लवकर झालं, किंवा त्याला तसं वाटलं. कारखान्याला बंदचा आदेश निघाला, बहात्तर तासांत वीज तोडली. पेपरात चार ओळींची बातमी आली, तिच्या शेजारी त्याच्या आणि मधुसूदनच्या निलंबनाची सहा ओळींची. मधुसूदनची पेन्शन चौकशी होईपर्यंत अडकली. टेबल रिकामं करायच्या दिवशी दोघं एकदाच समोरासमोर आले, जिन्यात. मधुसूदनच्या हातात टेबलावरची काच होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. धम्मदीपनं हात पुढे केला, पण त्यानं काच दिली नाही. “खोटं तर तू बोलला नाहीस,” तो म्हणाला आणि पायऱ्या बघत, एकेक पाऊल जपून टाकत खाली गेला. धम्मदीप तिथंच उभा राहिला. माफी मागायला हवी होती का, आणि कुणी कुणाची, हे त्याला जिन्यातही कळलं नाही आणि नंतरही नाही.

कारखाना सात आठवडे बंद होता. या काळात तो एकदा निमखेडीला गेला, का ते त्याला सांगता आलं नसतं. बसनं गेला. गेटसमोरच्या पिंपळाखाली कारखान्याचे कामगार पत्ते खेळत बसले होते, त्यातल्या एकानं ओळखून विचारलं, “साहब, कब चालू होगा?” “मला माहीत नाही,” तो म्हणाला, आणि मग हिंदीत पुन्हा म्हणाला. बायजाबाईंनी त्याला ओसरीत बसवलं, चहा दिला, बशीत दोन तळलेल्या कुरडया. तुमचे आभार, असं त्या म्हणाल्या नाहीत. “आता चालू झाला तरी तो पंखा लावतीन म्हंतात. मीटर बसवून राहिले. थोडा धूर येईनच. कारखाना म्हटल्यावर थोडा तं येते,” त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे पाहत राहिल्या. “त्या दिवशी मी तुमाले तसं पुसायले नोको होतं, साहेब. मले काय माहीत.” “तुम्ही बरोबरच विचारलं, मावशी.” “बरोबर तं होतं,” बायजाबाई म्हणाल्या. “पन तरी.” त्यानं कुरडई खाल्ली. दातांखाली काही लागतं का याकडे त्याचं लक्ष होतं. काही लागलं नाही.

निलंबनात दिवस मोठे असतात. तो सकाळी उठायचा, शामलाच्या कुंड्यांना पाणी घालायचा, दुपारी फॅनखाली पडून राहायचा. मुलगी दामिनी हैदराबादला नोकरीला होती. तिला त्यानं काही कळवलं नव्हतं, पण बातमी फिरत फिरत तिच्यापर्यंत गेली. एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. ती चिडलेली असेल असं त्याला वाटलं होतं. “बाबा, जेवले काय?” तिनं आधी विचारलं. “जेवलो.” “काय?” “वरणभात.” मागे कुठंतरी कुकरची शिटी झाली. “तुम्ही त्या मॅडमसमोर सांगितलं म्हणे, आई गेली होती म्हणून. सगळ्यांसमोर.” “विचारलं त्यांनी.” “मी पण विचारलं होतं, बाबा.” तिचा आवाज बदलला नाही. “मी तर सतराच्या सकाळी पोचली, तेव्हा आई खाली चटईवर होती. आदल्या दिवशी काय झालं ते तुम्ही मले आजपर्यंत नाही सांगितलं. मी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणाले, नंतर सांगतो.” पाहून सांगतो, असंच म्हणालो असेन, त्याला वाटलं. तो पलंगावर उठून बसला. फॅनची एक पाती दर फेरीला टक् करत होती.

“चार वाजता,” तो म्हणाला. दामिनीनं घाई केली नाही. “तीनच्या सुमारास ती म्हणाली, रस पाहिजे. तिला पाणीसुद्धा मोजून द्यायचं होतं, डॉक्टरनं मनाई केली होती. पण म्हणाली. बरेच दिवसांनी तिनं काही मागितलं होतं, तर मी खाली गेलो. गेटसमोर ठेला होता. पुढे तीन माणसं होती, मी रांगेत उभा राहिलो. मले वाटलं असतं तर मी म्हणू शकलो असतो, भाऊ, आधी मले दे, पेशंट आहे. नाही म्हटलं. उभा राहिलो. त्यानं मशीन धुतली, मग माझा काढला, बर्फ नको म्हटलं मी. झाकण लावून दिलं. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यानं आलो. आलो तर नर्सनं पडदा ओढलेला.” “मग?” “मग काही नाही. नर्स म्हणाली, इथं थांबू नका, बाहेर थांबा. मी बाहेर आलो. हातात तो ग्लास होता. तो कुठं ठेवावा ते मले समजेना. खाली ठेवला तर कोणाचा पाय लागेल. फेकणार कुठं. तर मी,” तो म्हणाला, “मी तो पिऊन टाकला, दामू. तिथंच व्हरांड्यात, उभ्यानं. सगळा. आणि तो चांगला होता. गोड होता. मले तहान लागली होती.”

लाइन तुटली असं वाटून त्यानं फोन कानावरून काढून पाहिला, सेकंद चालू होते. मग दामिनीनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं बाजारातून काय आणलं ते विचारावं, “मोसंबीचा का संत्र्याचा?”

“मोसंबीचा,” तो म्हणाला, आणि त्याला पुढचं बोलता येईना.